केबल किनाऱ्याला लागली, पुढे काय? पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधन नेटवर्कचं एक प्रकरण

२३ जुलै २००९ रोजी सीकॉम ही समुद्री केबल सुरू झाली आणि मोझांबिक, टांझानिया, केनिया हे देश फायबरने बाहेरच्या जगाला जोडले गेले. पश्चिम किनाऱ्यावर सॅट-३ ही केबल २००२ पासून होती. पूर्वेकडच्या या देशांकडे मात्र तोवर उपग्रहाशिवाय दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच. त्याच वर्षी केनियातल्या मोम्बासापासून अमिरातीतल्या फुजैरापर्यंत टीम्स केबल आली, आणि २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मटुन्झिनीपासून पोर्ट सुदानपर्यंत जाणारी ईझी. जिथे एकही केबल नव्हती तिथे साधारण वर्षभरात तीन झाल्या.

त्या काळातल्या बातम्या वाचल्या तर वाटतं की प्रश्न सुटला. विज्ञानातली डिजिटल दरी म्हणजे बँडविड्थचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाहून नेता येतो त्या क्षमतेचा, दुष्काळ, आणि केबल आली की दुष्काळ संपला, असा तो हिशेब होता. प्रत्यक्षात पुढची दहा-पंधरा वर्षं याच भागातले संशोधक मोठा डेटा हलवताना अडखळत राहिले. या प्रकरणात मला रस आहे तो त्यामुळेच. सगळ्यात मोठी, सगळ्यात महागडी अडचण दूर झाल्यावरही जी दरी उरली, ती नेमकी कुठे होती?

आधी थोडं मागे जाऊ. २००४ च्या सुमाराला आफ्रिकेतल्या उच्च शिक्षणसंस्थांच्या इंटरनेट जोडणीचं एक मोठं सर्वेक्षण झालं. त्याच्या अहवालात तीन निष्कर्ष एका दमात सांगितले होते. एक, सरासरी आफ्रिकी विद्यापीठाकडे असलेली बँडविड्थ युरोपातल्या एका घरच्या ब्रॉडबँडइतकी आहे. दोन, तिच्यासाठी ते इतर जगातल्या विद्यापीठांच्या ५० पट पैसे मोजतं. तीन, जी आहे ती बँडविड्थ कुठे जाते यावर विद्यापीठाची नजर नाही, मग तिचं नियोजन करणं दूरच. पहिली दोन वाक्यं पुढे असंख्य भाषणांत आणि प्रस्तावांत आली. तिसरं मागे पडलं. ‘५० पट’ ऐकून दाते उठून बसतात. ‘नजर नाही’ या वाक्याने कुणी निधी दिल्याचं उदाहरण विरळाच. मात्र या प्रकरणाचं घोडं पेंड खातं ते याच तिसऱ्या वाक्यापाशी.

उपग्रहाचं गणित

दर किती होता? अमेरिकेतल्या काही मोठ्या प्रतिष्ठानांच्या पाठबळावर आफ्रिकेतल्या निवडक विद्यापीठांनी २००५-०६ च्या सुमाराला एकत्र येऊन उपग्रहाची बँडविड्थ घाऊक विकत घेतली. त्या सवलतीनंतरचा दर महिन्याला एका किलोबिट प्रतिसेकंदामागे दोन डॉलरहून अधिक होता. म्हणजे एका मेगाबिटला महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर, आणि तेही स्वस्तात मिळाल्याचा आनंद मानून.

पैशापेक्षा वाईट होतं ते भौतिकशास्त्र. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तुमची विनंती वर जाते, खाली येते. उत्तर पुन्हा वर जातं, पुन्हा खाली येतं. एकूण सुमारे १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा यात जवळजवळ ०.४८ सेकंद जातो, आणि मधल्या यंत्रणा धरून प्रत्यक्षात ०.६ सेकंद किंवा त्याहून जास्त.

इथे टीसीपी या प्रोटोकॉलचा, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नियमांचा, स्वभाव आडवा येतो. तो थोडा डेटा पाठवतो, पोच येण्याची वाट बघतो, मग पुढचा पाठवतो. जुन्या मांडणीत पोच येण्याआधी जास्तीत जास्त ६४ किलोबाइट बाहेर पाठवता येत. ०.६ सेकंदाला ६४ किलोबाइट म्हणजे एका जोडणीला सुमारे ०.८७ मेगाबिट प्रतिसेकंद. तुम्ही दहा मेगाबिटचे पैसे भरलेले असोत की शंभरचे, जुन्या संगणकावरचं एक डाउनलोड याच्या वर जात नसे.

त्यातही हे सगळं सुरळीत चाललं तर. डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये, जातो; वाटेत ही पॅकेट गळायला लागली की टीसीपी समजतो, रस्त्यावर गर्दी आहे, आणि आपण होऊन वेग कमी करतो. १९९७ साली मॅथिस आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक साधं सूत्र मांडलं. मिळणारा वेग हा पॅकेटच्या आकाराच्या सम प्रमाणात असतो, आणि जाऊन-येऊन लागणारा वेळ व गळतीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात. आकडे घालून बघा. १,४६० बाइटचं पॅकेट, ०.६ सेकंद वेळ, शंभरात एक पॅकेट गळतं. वेग येतो सुमारे १९५ किलोबिट प्रतिसेकंद. एका माणसाच्या संपूर्ण जीनोमची कच्ची फाइल १०० गिगाबाइट धरली, तर ती उतरवायला साधारण ४७ दिवस लागतील.

कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत १९९५ पासून चालवलेल्या पिंगर प्रकल्पाने हेच सूत्र वापरून जगाची दरी मोजली. लेस कॉट्रेल यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात दर अर्ध्या तासाने जगभरच्या शेकडो ठिकाणी छोटी पॅकेट धाडली जात. किती परत आली, किती वेळाने आली, एवढंच नोंदवलं जाई. मूळ हेतू कणभौतिकीच्या सहयोगी संस्थांच्या जोडण्या तपासण्याचा होता. दरीचा नकाशा त्यातून हळूहळू तयार झाला. बँडविड्थ किती विकत घेतली हे न विचारता, पोचतं किती हे विचारणारा हा प्रकल्प होता. २००९ नंतर पूर्व आफ्रिकेच्या आलेखात लागणारा वेळ जिन्याची पायरी उतरावी तसा खाली आला. गळती मात्र तशी एका झटक्यात उतरली नाही.

एकट्याने घेता येत नाही म्हणून

समुद्री केबलवरची क्षमता किरकोळीत घेतली तर महाग पडते. ती स्वस्त पडते पंधरा-वीस वर्षांच्या कराराने, एकदम पैसे मोजून. कुठलंही एक विद्यापीठ हे करू शकत नाही. म्हणून देशातल्या विद्यापीठांनी मिळून राष्ट्रीय संशोधन-शिक्षण नेटवर्क उभं करायचं, आणि अशा नेटवर्कांनी मिळून प्रादेशिक. केनियात केनेट १९९९ पासून होतं, दक्षिण आफ्रिकेत टेनेट २००० पासून. २००५ च्या अखेरीस केनिया, मलावी, मोझांबिक, रवांडा आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांच्या नेटवर्कांनी उबंटूनेट अलायन्स स्थापन केली. नोंदणी ॲमस्टरडॅमला, कार्यालय मलावीतल्या लिलाँग्वेला. केबल येण्याच्या चार वर्षं आधी खरेदीदार तयार होता, ही या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणावी लागेल.

२०११ मध्ये युरोपीय संघाने आफ्रिकाकनेक्ट प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्याचा खर्च जवळपास दीड कोटी युरो. त्यातले ८० टक्के युरोपीय संघाचे, २० टक्के आफ्रिकी भागीदारांचे. त्यातून नैरोबी, दार-एस-सलाम, लुसाका, मटुन्झिनी अशा ठिकाणी नोड, म्हणजे जोडणीची केंद्रं, उभे राहिले आणि युरोपच्या जिआँ या संशोधन नेटवर्कशी जोडणी झाली. मेगाबिटचा दर हजारो डॉलरवरून काही शे डॉलरवर, आणि पुढे आणखी खाली आला.

पण केबल किनाऱ्याला लागते. कंपाला, किगाली, लिलाँग्वे आणि लुसाका ही शहरं किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. मधे एक-दोन देशांच्या सीमा. प्रत्येक सीमेला वेगळी कंपनी, वेगळा परवाना, वेगळा दर. भूवेष्टित देशांच्या बाबतीत समुद्रातल्या हजारो किलोमीटरपेक्षा जमिनीवरचे थोडेसे किलोमीटर महाग पडत. शिवाय कायद्याची गाठ होती. दूरसंचार कायद्याला कंपनी कळते आणि ग्राहक कळतो. विद्यापीठांनी मिळून चालवलेलं ना-नफा नेटवर्क कोणत्या रकान्यात भरायचं? केनेटला ना-नफा चालक म्हणून परवाना मिळाला, त्यामुळे केनियाची गाडी पुढे सरकली. जिथे हा प्रश्न लोंबकळत राहिला तिथे राष्ट्रीय नेटवर्क बरीच वर्षं कागदावर किंवा एखाद्या व्यापारी कंपनीच्या मर्जीवर चाललं.

शेजारी, पण लंडनमार्गे

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकी विद्यापीठांच्या आपसातल्या वाहतुकीचे मार्ग तपासले गेले. सुमारे तीन-चतुर्थांश वाहतूक खंडाबाहेर जाऊन, मुख्यतः युरोपातून फिरून परत येत होती. दार-एस-सलाम आणि नैरोबी यांच्यातलं हवाई अंतर ७०० किलोमीटरच्या आत आहे. लंडनला जाऊन परत म्हणजे हजारो किलोमीटर, आणि समुद्राखालून दोनदा.

यात कुणाचा मूर्खपणा नव्हता. दोन्ही देशांच्या नेटवर्कांनी आधी लंडनची जोडणी घेतली, कारण तिथे सगळं जग भेटतं आणि तिथवरचा दर शेजारच्या राजधानीपर्यंतच्या दरापेक्षा कमी होता. राउटर, म्हणजे डेटाला वाट दाखवणारी यंत्रं, मार्ग निवडतात ते नकाशावरचं अंतर बघून नव्हे, तर करार आणि धोरण बघून. आफ्रिकाकनेक्टच्या नोडांमुळे थेट मार्ग वाढले. पण सीमेपलीकडच्या शेजाऱ्याशी देवाणघेवाण करण्याचा निर्णय आणि त्यासाठीची मांडणी प्रत्येक नेटवर्कला आपापली करावी लागते, आणि ती करणारे अभियंते प्रत्येक ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

याचा विज्ञानावर होणारा परिणाम लगेच दिसत नाही. नैरोबीतल्या संशोधकाला लंडन जवळ आणि लुसाका लांब वाटू लागलं, तर सहकारी कुठे शोधायचा हेही हळूहळू त्यावर ठरतं. वेगाचा नकाशा सहकार्याच्या नकाशावर उमटतो, असं मला वाटतं. तो पूर्णपणे सिद्ध करणं कठीण आहे, कारण वसाहतकाळातली नाती, भाषा आणि निधी यांचेही धागे त्याच दिशेने जातात.

बावीस हजारांत एक

आता विद्यापीठाच्या दारात येऊ. समजा देशातलं नेटवर्क उत्तम आहे, कॅम्पसपर्यंत दहा गिगाबिटची फायबर आहे. आत काय असतं? एक फायरवॉल, म्हणजे येणारा-जाणारा डेटा तपासणारी सुरक्षायंत्रणा, जी हजारो विद्यार्थ्यांच्या छोट्या छोट्या वाहतुकीसाठी घेतलेली. काही जुने स्विच. कुठे वाकलेली फायबर, कुठे धूळ बसलेला कनेक्टर. ईमेल चालतं, व्हिडिओ चालतो, म्हणून कुणाची तक्रार नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ईएसनेट या नेटवर्कमधलं एक उदाहरण या क्षेत्रात सतत दिलं जातं. एका राउटरच्या बिघडलेल्या कार्डामुळे २२,००० पॅकेटमधलं एक गळत होतं. म्हणजे सुमारे ०.००४५ टक्के. कुठल्याही यंत्रणेच्या धोक्याच्या घंटा वाजू नयेत इतकं किरकोळ. पण हीच गळती मॅथिसच्या सूत्रात घाला. दोन टोकं एकाच शहरात असतील आणि जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागत असेल, तर वेग येतो सुमारे १.७ गिगाबिट. कुणाला पत्ताही लागणार नाही. दोन टोकं नैरोबी आणि लंडन असतील आणि १५० मिलिसेकंद लागत असतील, तर त्याच गळतीत वेग येतो जेमतेम साडेअकरा मेगाबिट. फायबर दहा गिगाबिटची, बिघाड तोच, आणि वेग दीडशे पटीने कमी.

या प्रकरणातून मला जे दिसतं ते हे. दरी आपण रुंदीत मोजतो, पण दुखतं ते अंतर आणि गळती यांच्या गुणाकारात. जे मोठ्या डेटाकेंद्रांच्या जवळ आहेत त्यांना निष्काळजीपणा परवडतो. जे लांब आहेत त्यांना आपली व्यवस्था जवळच्यांपेक्षा कितीतरी अधिक काटेकोर ठेवावी लागते. म्हणजे ज्यांच्याकडे अभियंते सर्वांत कमी, त्यांच्याकडूनच सर्वांत निर्दोष देखभालीची अपेक्षा.

यावर उपाय नाहीत असं नाही. समांतर प्रवाह लावणारी ग्लोबससारखी साधनं आहेत, क्युबिक आणि बीबीआर यांसारखे टीसीपीचे नवे प्रकार जुन्या सूत्रापेक्षा बरेच चांगलं वागतात. कॅम्पसच्या काठावर, मुख्य फायरवॉलला वळसा घालून, फक्त वैज्ञानिक डेटासाठी वेगळा छोटा विभाग करायचा, ही सायन्स डीएमझेड नावाची रचनाही ईएसनेटनेच पुढे आणली. तिला फार पैसा लागत नाही. लागतो तो असा माणूस, जो विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाला पटवून देईल की वळसा म्हणजे भोक नव्हे, आणि पुढची अनेक वर्षं त्याच विद्यापीठात टिकेल. हे दुसरं अवघड. अनुभवी नेटवर्क अभियंत्याला विद्यापीठापेक्षा दूरसंचार कंपन्या आणि बँका जास्त पगार देतात.

या बाबतीत सर्वांत चिकाटीचं काम मला वाटतं ते प्रशिक्षणवाल्यांचं. ऑरेगन विद्यापीठातलं एनएसआरसी हे केंद्र आणि २००० पासून भरणाऱ्या ॲफनॉग या आफ्रिकी नेटवर्क चालकांच्या गटाच्या कार्यशाळा, यांनी आफ्रिकेतल्या नेटवर्क अभियंत्यांच्या पिढ्या घडवल्या. त्याचं उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही. पण ‘नजर नाही’ या जुन्या वाक्याला कुणी उत्तर दिलं असेल तर यांनी.

जीनोम कुठे ठेवायचा

सगळे धागे एकत्र आले ते एच३आफ्रिका प्रकल्पात. अमेरिकेच्या एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संस्था) आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या निधीवर, आफ्रिकी लोकसंख्येच्या आनुवंशिकतेचा अभ्यास आफ्रिकेतल्याच संस्थांनी करावा अशी त्यामागची भूमिका. २०१२ पासून त्याच्या जोडीला एच३एबायोनेट हे जैवमाहितीशास्त्राचं जाळं उभं राहिलं. केंद्र केप टाउन विद्यापीठात, नेतृत्व निकोला मल्डर यांचं. या गटाने सुरुवातीलाच आपल्या वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांमधला प्रत्यक्ष वेग मोजायला घेतला. फाइल पाठवून बघू, जाईल तर जाईल, असं न करता आधी वाट मोजायची. मला हा निर्णय कुठल्याही केबलइतकाच महत्त्वाचा वाटतो.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा निबंध आला. ५० वांशिक-भाषिक गटांतल्या ४२६ व्यक्तींचे जीनोम, आणि त्यात आधी कुठेही न नोंदलेले ३० लाखांहून अधिक जनुकीय बदल. एका जीनोमला १०० गिगाबाइट धरले तर सुमारे ४० टेराबाइट. साडेअकरा मेगाबिटच्या एकाच प्रवाहाने हा डेटा हलवायचा ठरला असता तर जवळपास वर्ष गेलं असतं; एक गिगाबिटने चारेक दिवस. डिस्क कूटबद्ध करून कुरिअरने धाडणं ही वाट जीनोमवाल्यांमध्ये आजही जिवंत आहे, आणि तिला हसण्यात अर्थ नाही.

मात्र हे जमलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या केंद्रांभोवती. दक्षिण आफ्रिकेचं सरकार २००७ पासून सॅनरेन या राष्ट्रीय नेटवर्कवर पैसा खर्च करत होतं, आणि मीरकॅट दुर्बिणीसारख्या प्रकल्पांमुळे त्याला राजकीय वजनही होतं. मलावीसारख्या देशातल्या केंद्राला नमुने गोळा करता येत, पण संपूर्ण डेटावर गणित चालवायचं तर दक्षिण आफ्रिकेतल्या यंत्रांवर दुरून काम करावं लागे. आफ्रिका आणि युरोप यांच्यातली दरी कमी होत असताना खंडाच्या आत तशीच एक दरी आकार घेत होती. तिला दोष म्हणावं की अपरिहार्य पायरी, यावर या क्षेत्रातल्या लोकांतही मतभेद आहेत. मोजकी समर्थ केंद्रं आधी उभी करा असं म्हणणाऱ्यांची बाजू मला व्यवहार्य वाटते, अट एवढीच की दुरून काम करण्याची वाट खरोखर वापरण्याजोगी असावी. नाहीतर नमुने एका देशाचे आणि शोध दुसऱ्याचे, ही जुनीच तक्रार नव्या पत्त्यावर सुरू राहील.

दोन केबल, एकच वाट

राहिला प्रश्न टिकाऊपणाचा. फेब्रुवारी २०१२ मध्ये मोम्बासाजवळ एका जहाजाच्या नांगराने टीम्स तोडली, आणि त्याच सुमाराला तांबड्या समुद्रातही केबल तुटल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात सीकॉमसह तीन केबल तुटल्या. उत्तरेकडचा रस्ता असा आधीच अधू झालेला असताना १२ मे २०२४ रोजी दक्षिणेकडे ईझी आणि सीकॉम या दोन्ही एकाच वेळी तुटल्या. टांझानिया, मलावी, युगांडा, रवांडा, केनिया या सगळ्यांना कमी-अधिक फटका बसला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन केबलवर क्षमता घेतली म्हणजे दोन मार्ग झाले, हा समज त्या दिवशी महागात पडला. दोन्ही केबल त्या पट्ट्यात एकमेकींच्या शेजारून जातात.

मोम्बासाला २०२२ मध्ये पीस ही नवी केबल आली. पण तिचाही युरोपचा रस्ता तांबड्या समुद्रातूनच आहे. एक खरा वेगळा पर्याय म्हणजे जमिनीवरून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जायचं आणि तिथून पश्चिम किनाऱ्याच्या केबलने युरोप गाठायचं. उबंटूनेटसारख्या संस्थांना असा मार्ग राखीव ठेवायचा तर एरवी रिकाम्या राहणाऱ्या क्षमतेचे पैसे दर महिन्याला भरावे लागतील, आणि त्यातला प्रत्येक देशाचा वाटा ठरवावा लागेल. शिवाय हा मार्ग लांबचा. नैरोबी ते लंडन जाऊन-येऊन १५० ऐवजी २५० मिलिसेकंद धरले, तर २२,००० तल्या त्या एका गळक्या पॅकेटमुळे साडेअकरा मेगाबिटचे सात उरतात. राखीव मार्ग घेण्याआधी कॅम्पसमधला तो धूळ बसलेला कनेक्टर शोधायला लागेल, आणि तो शोधणारा माणूस कुणाच्या पगारपत्रकावर असेल हे अजून बहुतेक ठिकाणी ठरायचं आहे.